मापात पाप नको : जपानी भाषेतील आरोग्यमापनाची गोष्ट

ताप मोजायला तापमापक आहे, वजनाला काटा आहे, रक्तदाबाला दाबमापक आहे. मुंबईचा तापमापक टोकियोला नेला तरी तो चुकत नाही. पारा सगळीकडे सारखाच प्रसरण पावतो, त्यासाठी त्याला जपानी यावी लागत नाही.

पण आजोबांचा विसराळूपणा किती वाढला आहे? एखाद्याच्या मनावर उदासीचे सावट किती दाट आहे? सांधेदुखीमुळे रोजच्या जगण्यात किती अडथळा येतो? यांना पारा नाही. येथे प्रश्न हेच माप. ठरावीक प्रश्न ठरावीक क्रमाने विचारायचे, उत्तरांना गुण द्यायचे आणि त्यांची बेरीज करायची. अशा प्रश्नसंचाला मापनश्रेणी म्हणतात. रोगनिदानात, औषधांच्या चाचण्यांत, सरकारी पाहण्यांत या श्रेणी सर्रास वापरल्या जातात. तुम्ही-आम्ही वर्गात प्रश्नपत्रिका काढतो, तिचीच ही चुलत बहीण म्हणा ना!

प्रश्नपत्रिकेबाबत शिक्षकाला नेहमी एक शंका असते : मुलाला उत्तर आले नाही, की मुळात प्रश्नच कळला नाही? आरोग्याच्या मापनश्रेणीबाबत हीच शंका फार गंभीर होते. येथे नापास होणे म्हणजे 'रोगी' ठरणे. आणि श्रेणी एका देशात तयार झाली व वापरली दुसऱ्या देशात, तर? गेल्या पन्नास वर्षांत जपानी डॉक्टरांना आणि संशोधकांना या प्रश्नाने चांगलेच कामाला लावले. त्याचा हा मागोवा.

घरचे माप

१९७० साली जपानमध्ये ६५ वर्षांवरील लोकांचे प्रमाण ७ टक्क्यांच्या पुढे गेले. १९९४ मध्ये ते १४ टक्क्यांवर पोचले. केवळ २४ वर्षांत दुप्पट! घरोघरी म्हातारी माणसे वाढली आणि त्यांच्याबरोबर स्मृतिभ्रंशाचा प्रश्नही आला. १९७२ मध्ये सावाको आरियोशी या लेखिकेची याच विषयावरची कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिच्या प्रती हातोहात खपल्या. जी गोष्ट घराबाहेर बोलली जात नव्हती, ती आता सगळ्यांच्या तोंडी झाली.

पण डॉक्टरांपुढे अडचण होती. वयोमानाने येणारा साधा विसराळूपणा कोणता आणि आजार कोणता, हे ठरवायचे कसे? एका डॉक्टरला जो 'बरा' वाटतो तो दुसऱ्याला 'आजारी' वाटला, तर कोणाचे खरे मानायचे? काझुओ हासेगावा (जन्म १९२९) या मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये यावर उपाय म्हणून एक छोटी श्रेणी प्रसिद्ध केली. अकरा प्रश्न आणि एकूण साडेबत्तीस गुण. पुढे जगभर गाजलेली अमेरिकी श्रेणी १९७५ ची. म्हणजे जपानी माप तिच्याही एक वर्ष आधीचे आहे, भाषांतरित नाही.

या पहिल्या श्रेणीत वर्षाचे दिवस किती, युद्ध केव्हा संपले, पंतप्रधानांचे नाव काय, असेही प्रश्न होते. वरवर पाहता सोपे. पण असे प्रश्न काळाबरोबर शिळे होतात. शिवाय ते स्मरणाइतकेच शिक्षणाचे आणि वृत्तपत्रवाचनाचेही मोजमाप करतात. १९९१ मध्ये सुधारित श्रेणी आली, तेव्हा त्यांतले हे तिन्ही प्रश्न गाळले गेले होते. उरले आणि नव्याने आले ते असे नऊ प्रश्न : वय, आजची तारीख व वार, आपण कोठे आहोत, तीन शब्द ऐकून पुन्हा म्हणणे, १०० मधून ७ वजा करत जाणे, आकडे उलट क्रमाने सांगणे, मघाचे तीन शब्द आठवणे, दाखवून झाकलेल्या पाच वस्तू आठवणे आणि भाज्यांची नावे सांगणे. एकूण ३० गुण. २० किंवा कमी गुण पडले तर स्मृतिभ्रंशाची शंका घ्यायची.

यांतले बारकावे पाहण्यासारखे आहेत. तीन शब्द कोणते? साकुरा (चेरीचा बहर), मांजर आणि रेल्वेगाडी. एक वनस्पती, एक प्राणी, एक वाहन. तिन्ही प्रत्येक जपानी माणसाच्या ओळखीचे, पण एकमेकांपासून दूरचे. आठवले नाही तर 'एक वनस्पती होती' असा दुवा देता येतो. आपोआप आठवले तर दोन गुण, दुव्याने आठवले तर एक. भाज्यांची नावे बाजारात जाणाऱ्या कोणालाही येतात, त्याला शाळेचा दाखला लागत नाही. सन विचारला तर जपानी राजवटीचे वर्ष सांगितले तरी चालते आणि इसवी सन सांगितला तरी चालतो. सगळी उत्तरे तोंडी असल्याने पक्षाघाताने हात लुळा पडलेल्या माणसाचीही परीक्षा होऊ शकते.

परक्या मापाचे जपानी रूप

घरचे माप होते, तरी परक्याची गरज संपली नाही. टोकियोचा रुग्ण आणि बोस्टनचा रुग्ण यांची तुलना करायची, तर दोघांना एकाच मापाने मोजायला हवे. म्हणून १९७५ च्या अमेरिकी श्रेणीची जपानी रूपे तयार झाली. येथे भाषांतरकारांची खरी कसोटी लागली.

मूळ श्रेणीत रुग्णाला एक वाक्प्रचार ऐकून जसाच्या तसा म्हणायला सांगतात. त्याचा अर्थ साधारण 'जर-तर, पण-बिण काही नाही' असा. त्याचे शब्दशः भाषांतर करून काही उपयोग नव्हता, कारण प्रश्न अर्थाचा नव्हताच. छोटे छोटे निसटते शब्द ओळीने नीट उच्चारता येतात का, हे पाहायचे होते. १९८५ च्या जपानी रूपात त्याऐवजी 'सगळे मिळून जोर लावून दोर ओढतो' अशा अर्थाचे जपानी वाक्य घेतले गेले. मूळ इंग्रजीशी त्याचा शब्दाचाही संबंध नाही. त्याने काम मात्र तेच, म्हणजे ऐकलेले वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणण्याचे करायचे.

दुसरे उदाहरण. मूळ श्रेणीत 'जग' या अर्थाचा पाच अक्षरी इंग्रजी शब्द उलटा सांगायला लावतात. नंतरच्या एका जपानी रूपात 'फु-जि-नो-या-मा' हा शब्द उलटा म्हणायचा असतो. फुजीचा डोंगर कोणाला माहीत नाही? आणि जपानी लिपीत त्याचीही पाचच अक्षरे होतात. माप तेच, पण वाटी घरची.

२००५ मध्ये कॅनडातून आलेल्या आणखी एका चाचणीत आकडे आणि अक्षरे आलटून पालटून रेघेने जोडायची असतात : एक, मग पहिले अक्षर, मग दोन, मग दुसरे अक्षर. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी रूपात इंग्रजी मुळाक्षरांच्या जागी आ, इ, उ, ए, ओ ही जपानी अक्षरे आली. हा क्रम ओळखीचा वाटला ना? वाटायलाच हवा. जपानी वर्णमालेचा आजचा क्रम आ-इ-उ-ए-ओ, मग क-स-त-न-ह-म-य-र-व असा आहे. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपी आणि संस्कृत वर्णांचा जो अभ्यास केला, त्याच्या प्रभावातून तो घडला. आपल्या बाराखडीचा हा दूरचा नातलग आज टोकियोच्या दवाखान्यात आजीआजोबांची स्मृती तपासतो आहे!

मापाची परीक्षा

भाषांतर चांगले झाले हे कळणार कसे? मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रिसलिन यांनी १९७० मध्ये उलट-भाषांतराची पद्धत मांडली. एकाने इंग्रजीचे जपानी करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने त्या जपानीचे पुन्हा इंग्रजी करायचे आणि दोन्ही इंग्रजी ताडून पाहायची. ही पद्धत उपयोगी आहे, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. शब्दाला शब्द ठेवून केलेले रटाळ भाषांतर उलट फिरवले की अगदी मुळासारखे दिसते, आणि दोर ओढण्याचे ते सुंदर वाक्य उलट फिरवले तर साफ चुकीचे ठरते! म्हणून पुढे आणखी पायऱ्या आल्या. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचे, तज्ज्ञांनी एकत्र बसून वाद घालायचा, मग थोड्या लोकांना प्रश्न विचारून 'यातून तुम्हांला काय समजले?' हेही विचारायचे.

त्यानंतर माप लोकांवर तपासायचे. येथले दोन शब्द बी.एड. झालेल्यांना पाठ असतील : विश्वसनीयता आणि सप्रमाणता. आज मोजले आणि प्रकृतीत फरक नसताना आठवड्याने मोजले, तर गुण जवळपास तेच यायला हवेत, ही विश्वसनीयता. जे मोजायचे तेच मोजले जाते ना, ही सप्रमाणता. रोज पाच मिनिटे पुढे असणारे घड्याळ विश्वसनीय असते, पण सप्रमाण नसते.

हासेगावांच्या सुधारित श्रेणीचेच आकडे घेऊ. २० गुणांची मर्यादा ठेवली तेव्हा १९९१ च्या अभ्यासात १०० आजारी माणसांपैकी सुमारे ९० बरोबर ओळखली गेली आणि १०० निरोगी माणसांपैकी सुमारे ८२ निरोगी ठरली. हे आकडे चांगले आहेत. आता वर्गात मुलांना एक गणित घाला. समजा, एका गावात १००० वृद्ध आहेत आणि त्यांतले १०० जण खरोखर आजारी आहेत. श्रेणी त्यांतल्या ९० जणांना पकडेल. पण उरलेल्या ९०० निरोगी माणसांपैकी १८ टक्के, म्हणजे १६२ जणही 'संशयित' ठरतील. एकूण संशयित २५२ आणि त्यांतले खरे आजारी ९०. म्हणजे संशयितांतला जवळजवळ दर तिघांमागे एकच आजारी! म्हणून ही श्रेणी निकाल देत नाही. पुढची तपासणी कोणाची करायची एवढेच ती सांगते. चांगल्या मापाचीही मर्यादा माहीत असावी लागते, मग न तपासलेल्या मापाचे काय सांगावे?

सुखाचे चार प्रश्न

आतापर्यंतच्या अडचणी शब्दांच्या होत्या. यापुढची अडचण अशी, की तिच्यात भाषांतर निर्दोष असूनही माप चुकले.

१९७७ मध्ये लेनोर रॅडलॉफ यांनी अमेरिकेत उदासी मोजण्याची २० प्रश्नांची श्रेणी प्रसिद्ध केली. गेल्या आठवड्यात अमुक किती वेळा वाटले याला ० ते ३ गुण, एकूण ६०. गुण १६ किंवा अधिक असतील तर उदासीनतेच्या आजाराची शंका घ्यायची. २० पैकी १६ प्रश्न दुःखाचे आहेत : झोप न लागणे, रडू येणे, एकटे वाटणे. चार प्रश्न मात्र उलटे, सुखाचे आहेत. मी इतरांइतकाच चांगला आहे असे वाटले का? भविष्याबद्दल आशा वाटली का? आनंदी होतो का? जगण्याची मजा घेतली का? यांना 'नाही' म्हटले की गुण वाढतात.

जपानी भाषांतर १९८५ मध्ये झाले. नोबोरू इवाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतर जपानी आणि अमेरिकी लोकांच्या उत्तरांची प्रश्नागणिक तुलना केली. १९९५ मध्ये त्यांनी दोन्ही देशांतील नोकरदारांची तुलना प्रसिद्ध केली. दुःखाच्या प्रश्नांना दोघांची उत्तरे बरीचशी सारखी होती. सुखाच्या चार प्रश्नांना मात्र जपानी लोक 'हो' म्हणायला फारच नाखूश! 'मी इतरांइतका चांगला आहे' असे स्वतःच्या तोंडाने म्हणणे त्यांना प्रशस्त वाटत नव्हते. स्वतःचे सुख मिरवू नये, असे संस्कार तेथे लहानपणापासून होतात.

आता गणित पाहा. चार प्रश्न, प्रत्येकी ३ गुण, म्हणजे १२. केवळ विनयाने चारही प्रश्नांना 'नाही' म्हणणारा माणूस १६ च्या उंबरठ्यापासून चारच गुण दूर राहतो. दोनचार रात्री झोप लागली नाही, कामात लक्ष लागले नाही, की तो 'आजारी' गणला जाऊ शकतो. आणि अशा हजारो माणसांची बेरीज करून कोणी 'जपानी लोक अमेरिकनांपेक्षा अधिक उदास आहेत' असा निष्कर्ष काढला तर? तो देशाचा स्वभाव नसेल, तो तागडीचा पासंग असेल. इवातांचे काम महत्त्वाचे ते यासाठी. त्यांनी एकूण बेरजेवर न थांबता एकेक प्रश्न वेगळा काढून तपासला.

मैल, गोल्फ आणि घरची झाडलोट

प्रकृतीमुळे दैनंदिन जीवनावर काय परिणाम होतो हे मोजणारी ३६ प्रश्नांची एक अमेरिकी श्रेणी आहे. ती अनेक भाषांत नेण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९१ मध्ये सुरू झाला. जपानी रूपाची जबाबदारी शुन्इची फुकुहारा आणि त्यांच्या गटाने घेतली आणि १९९८ मध्ये ते काम प्रसिद्ध झाले.

मूळ प्रश्न होता : एक मैलाहून अधिक चालता येते का? जपानमध्ये मैल नाही, म्हणून तेथे 'एक किलोमीटरहून अधिक' असे झाले. मैल म्हणजे १.६ किलोमीटर, म्हणजे अंतर थोडे बदललेच. पण '१.६ किलोमीटर चालता का?' असे कोण कोणाला विचारते? मध्यम श्रमाचे काम म्हणून मूळ प्रश्नात गोल्फ आणि बोलिंग हे खेळ होते. जपानमध्ये गोल्फ माहीत नाही असे नाही, पण तो जन्मात न खेळलेल्या आजीने काय उत्तर द्यावे? तेथे घराची आणि अंगणाची साफसफाई, तास-दोन तास फेरफटका अशी उदाहरणे घातली गेली. मग देशभरातील लोकांचा नमुना घेऊन जपानी सरासरी ५० धरण्यात आली. जपानी माणसाची तुलना आधी जपानी माणसाशी करायची, हा त्यामागचा विचार.

इतके करूनही एक कोडे उरले. या श्रेणीत आरोग्याची आठ अंगे मोजतात. अमेरिकेत ती दोन कप्प्यांत नीट बसतात, शरीर आणि मन. जपानी उत्तरे त्या दोन कप्प्यांत तशी बसेनात. नोकरी, घरकाम, लोकांत मिसळणे अशा भूमिका पार पाडता येतात का, याविषयीची अंगे वेगळीच वागत होती. अखेर जपानी संशोधकांनी तिसरा कप्पा केला, सामाजिक भूमिकेचा. हे त्रिघटकी प्रारूप २०११ मध्ये तपासणीसह प्रसिद्ध झाले. येथे आम्हांला थबकायला होते. भाषांतर करायला निघालेल्या माणसांना वाटेत 'आरोग्य म्हणजे काय?' हा प्रश्नच नव्याने विचारावा लागला.

आपल्या भाषेत

हा प्रश्न जपान्यांपुरता नाही. हरियाणातील बल्लभगढ भागात वृद्धांच्या अभ्यासासाठी त्याच १९७५ च्या अमेरिकी श्रेणीचे हिंदी रूप केले गेले. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील कित्येक वृद्ध कधी शाळेत गेले नव्हते. त्यांना शब्द उलटा सांगा म्हणण्यात अर्थ नव्हता, म्हणून आठवड्याचे वार उलटे विचारले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने जीवनमानाची १०० प्रश्नांची श्रेणी केली, तेव्हा मात्र सुरुवातीपासूनच वाट बदलली. टोकियो, नवी दिल्ली, मद्रास यांच्यासह जगातील १५ केंद्रांत तिचे काम एकाच वेळी झाले. 'थोडे', 'बरेच', 'अतिशय' यांसारखे शब्दही नुसते भाषांतरित न करता त्या त्या भाषेच्या लोकांकडून मोजून घेतले गेले. ही युक्ती वर्गात सहज करता येईल. १० सेंटिमीटरची रेघ काढा. एका टोकाला 'मुळीच नाही', दुसऱ्या टोकाला 'पूर्णपणे'. आता 'जरासे', 'बऱ्यापैकी', 'पुष्कळ', 'खूप', 'बेताचे' हे शब्द कोठे येतात याच्या खुणा प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे करू द्या आणि सरासरी काढा. रेघेच्या बरोबर मध्ये कोणता मराठी शब्द येतो? 'बऱ्यापैकी'च्या खुणा किती पसरतात? मुलांनाही आणि आपल्यालाही नवल वाटेल.

दुखण्याच्या शब्दांचेही असेच. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेच्या ७८ इंग्रजी शब्दांची २० गटांत मांडणी केली. जपानीत वेदना ध्वनीतून बोलते : ठोके पडावेत तशी दुखते ते 'झुकिझुकि', टोचते ते 'चिकुचिकु', चुरचुरते ते 'हिरिहिरि'. जपानी रूप करताना या शब्दांना मान द्यावाच लागतो. आपल्याकडे ठसठसते, ठणकते, चुरचुरते, हुळहुळते, कळ येते, चमक भरते, रग लागते. 'वेदना तीव्र आहे का?' असे छापील मराठीत विचारणाऱ्या प्रश्नावलीला यांतले काय सापडेल? मुलांना घरच्या आजीआजोबांकडून असे शब्द गोळा करायला सांगा. भाषेचा तास होईल आणि विज्ञानाचाही.

मापकर्त्याचे मोजमाप

गोष्टीचा शेवट पुन्हा हासेगावांपाशी येतो. जपानीत स्मृतिभ्रंशाला पूर्वी जो शब्द होता, त्याच्या चित्रलिपीचा अर्थ 'मूर्ख' आणि 'बावळट' असा होई. त्या नावाची श्रेणी कोणाला लावणे हाच अपमान होता. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने तो शब्द बदलून 'निन्चिशो', म्हणजे आकलनाचा विकार, असा नवा शब्द स्वीकारला. शब्द बदलावा म्हणणाऱ्यांत हासेगावाही होते. आणि २०१७ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास, आपल्यालाही हाच आजार झाल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. लपवले नाही. आजार आतून कसा असतो याबद्दल ते बोलत राहिले, लिहीत राहिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

ज्याने लाखो वृद्धांसाठी प्रश्न तयार केले, तो त्या प्रश्नांच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. त्या बाजूने पाहिले म्हणजे कळते, की 'आज वार कोणता?' हा प्रश्न किती जपून विचारायला हवा. समोरचा माणूस आपल्या भाषेत, आपल्या रीतीने, आपल्या संकोचासह उत्तर देत असतो. ते उत्तर ऐकू येईल असे माप करणे आणि ते पुन्हा पुन्हा तपासणे हे मोजणाऱ्याचे काम आहे. तसे केले नाही, तर मापातले पाप मोजल्या जाणाऱ्याच्या माथी बसते. पुढच्या वेळी प्रश्नपत्रिका काढायला बसताना आपणही हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.